आशिया आर्ट आर्काइव्ह : शालेय भेटी आणि विद्यार्थी कार्यशाळा

आशियातील समकालीन कलेची कागदपत्रे जमवून ती अभ्यासासाठी खुली ठेवणारी हाँगकाँगमधील स्वतंत्र, विनानफा संस्था. स्थापना २०००, संस्थापक क्लेअर श्यू व जॉन्सन चँग. शेउंग वान भागात हॉलिवूड रोडवर संस्थेचे वाचनालय असून ते कोणालाही विनामूल्य वापरता येते. भारतातील काम दिल्लीतून, तर अमेरिकेतील न्यूयॉर्कमधून चालते. संग्रहाचा भर चित्रे-शिल्पांवर नाही. निमंत्रणपत्रिका, प्रदर्शनांच्या पुस्तिका, पत्रव्यवहार, टिपणवह्या, निगेटिव्ह, ध्वनिचित्रफिती हा त्याचा ऐवज. तेव्हा शाळेचा वर्ग इथे आणून दाखवायचे काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. डोळे दिपवणारे फारसे काही नाही, हीच या भेटीची जमेची बाजू मानायला हवी. कलेचा इतिहास कुणीतरी, कुठल्यातरी पुराव्यावरून, बरेच काही गाळून लिहिलेला असतो, ही गोष्ट मुलांना संग्रहालयाच्या दालनापेक्षा इथल्या टेबलावर लवकर समजते.

या भेटींना हाँगकाँगच्या अभ्यासक्रमाचाही आधार आहे. तेथे २००९ मध्ये नवा उच्च माध्यमिक अभ्यासक्रम लागू झाला आणि त्याची पहिली परीक्षा २०१२ मध्ये झाली. दृश्यकलेत निर्मितीच्या जोडीला संदर्भासह रसग्रहण व समीक्षा आली, आणि विद्यार्थ्याने स्वतःच्या शोधाची वही ठेवावी अशी अपेक्षा धरली गेली. अशी वही युरोपीय चित्रकारांच्या तयार यादीवरून भरता येते, पण मग ती उताऱ्यांची वही होते. आपल्याच शहरातील कलाव्यवहार तपासायचा तर कच्चा माल लागतो, आणि तो हाताळायला शिक्षकाने आधी शिकावे लागते. संस्थेच्या शैक्षणिक कामात शिक्षकांच्या कार्यशाळांना मोठे स्थान आहे, ते त्यामुळेच योग्य वाटते.

हा बिक-च्युन (१९२५–२००९) यांचा संग्रह या दृष्टीने फार उपयोगाचा आहे. कलाशाळेत न गेलेले हे मुद्राचित्रकार आणि शिल्पकार १९६०च्या दशकापासून हाँगकाँगमधील प्रदर्शनांचे फोटो काढत राहिले, त्यांच्या कॉन्टॅक्ट शीट जपत राहिले आणि मासिकांतली चित्रे कापून-चिकटवून जाडजूड वह्या करत राहिले. कॉन्टॅक्ट शीट म्हणजे रोलच्या सगळ्या पट्ट्या निगेटिव्हच्याच आकारात एका कागदावर छापलेल्या; ३५ मिमी फिल्मवरची एक चौकट जेमतेम ३६ बाय २४ मिलिमीटरची. ती वाचायला भिंग लागते, आणि भिंग लावले की घाई आपोआप कमी होते. निवडून मोठा केलेला फोटो एक क्षण दाखवतो. कॉन्टॅक्ट शीट क्रम दाखवते. छायाचित्रकार आधी कुठे उभा राहिला, कोणत्या कलाकृतीकडे परत वळला, कशाला एकच चौकट दिली, हे त्यातून काढता येते. शिवाय कलाकृतीपुढे उभी माणसे, त्यांचे कपडे, भिंतीवरचा प्रकाश अशा गोष्टी पुस्तिकेत क्वचितच सापडतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कलासिद्धान्त ठाऊक नसला तरी हे प्रश्न विचारता येतात. पूर्वतयारीशिवाय मुले इथे काय करणार, या आक्षेपाचे एवढे उत्तर पुरे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बराचसा संग्रह संगणकावर घरबसल्या दिसत असताना वर्ग कशाला हलवायचा? एक कारण व्यावहारिक आहे : हक्कांच्या अडचणीमुळे काही सामग्री वाचनालयातच पाहावी लागते. खरे कारण मात्र शोधण्याच्या पद्धतीत आहे. शोधचौकटीत नाव टाकायला ते नाव आधी माहीत असावे लागते. कपाटापुढे उभे राहिल्यावर शेजारचे, कधी न ऐकलेले नाव हाती येते. एखाद्या देशाचा कप्पा भरगच्च का आणि दुसऱ्याचा अपुरा का, हेही नजरेत भरते. नोव्हेंबर २०२१ मध्ये पश्चिम काउलूनला ‘एम प्लस’ हे मोठे संग्रहालय उघडले. त्यानंतर तर ही भेट अधिकच गरजेची ठरते. तिथे निवड होऊन गेलेली असते, इथे निवडीच्या आधीचा पसारा दिसतो.

जुने कागद मुलांच्या हातात द्यायचे का, ही शंका रास्त आहे. पेनऐवजी पेन्सिल, धुतलेले कोरडे हात, फोटोंसाठी हातमोजे हे साधे नियम मुले पाळतात. गटकामाला प्रतिकृतीही चालतात. निदान एक अस्सल वस्तू मात्र समोर असावी, कारण कागदाचा पोत आणि मागच्या बाजूची नोंद हाही पुरावाच असतो. खरा धोका वेगळा आहे : हा बिक-च्युन यांच्या वह्या दाखवून मुलांना कात्री-डिंक दिला की तास मजेत जातो आणि कार्यशाळा हस्तकलेच्या तासावर येऊन थांबते. कापाकापीला हरकत नाही. पण हेच चित्र का निवडले आणि त्याच्या शेजारी तेच का ठेवले, याचे उत्तर वहीत उतरले नाही तर अभिलेखागारात येण्याचे कारण उरत नाही. आणखी एक उणीव सहज भरून निघणारी नाही. हा बिक-च्युन जिथे गेले नाहीत त्या प्रदर्शनांचे फोटो त्यांच्या संग्रहात नाहीत. हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे, नाहीतर एका माणसाची भटकंती शहराचा इतिहास म्हणून पाठ होईल.

भारतीय शाळांनाही या संग्रहात वाट आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललित कला विद्याशाखेशी निगडित ज्योती भट्ट, के. जी. सुब्रमण्यन, गुलाममोहम्मद शेख आणि रतन परिमू यांची कागदपत्रे व छायाचित्रे संस्थेने डिजिटल स्वरूपात आणली आहेत. दक्षिण आशियातील कलालेखनाची संस्थेने केलेली सूचीही अनेक भाषांना सामावते आणि तिच्यात मराठी लेखनाच्या नोंदी आहेत. मराठी वर्गाला हाँगकाँग गाठण्याची गरज नाही. सूचीतला एखादा जुना लेख गावच्या ग्रंथालयात मिळतो का, इथून सुरुवात करता येते.