निशाणी नांगर

भिलाई-३ला बदली झाली तेव्हा ट्रंकेत घरचा एक मोडी कागद घालून आणला होता. चरोदा यार्डात रात्रभर मालगाड्यांचं शंटिंग चालतं, झोप येत नाही. मोडीचं पुस्तक समोर ठेवून एकेक अक्षर लावत गेलो. निघाला कर्जरोखा, शके १७९४ चा, म्हणजे १८७२-७३. लिहून देणारे आमचे खापरपणजोबा. सहीच्या जागी छोटा नांगर काढलेला. लिहिता न येणारा कुणबी तशीच 'निशाणी नांगर' करायचा.

"आपण कधी कुणाचं देणं लागलो नाही," हे घरात ऐकतच मोठा झालो. म्हणून जरा चपापलो.

त्याच सुमारास इजिप्तमधल्या जेमे गावाबद्दल वाचलं. सातव्या-आठव्या शतकातलं ख्रिस्ती गाव, भाषा कॉप्टिक. तिथले पपायरस आणि लिहिलेली खापरं कोरड्या हवेत टिकली. मठाला काय दान दिलं, कुणी काय गहाण टाकलं, सगळं त्यात आहे. कोलोजे नावाची बाई तर चक्क सावकारी करायची! चर्चचे पाद्री गावाचे कागद लिहायचे, साक्ष घालायचे. ज्याला लिहिता येत नसे तो तीन क्रूस काढायचा. आमच्या नांगराचा भाऊच की.

फरक एवढाच, की आमच्या मुलखातले असे कागद लोकांनी स्वतः जाळले. १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. रोख मुख्यतः खतांवर आणि वह्यांवर. खतं मुकाट्यानं हवाली केली तिथं बहुधा मारहाण झाली नाही. पुढे १८७९च्या कायद्यानं खत निबंधकासमोर करणं आणि पैसे मिळाल्याची पावती देणं सावकाराला भाग पडलं. त्याआधी ऋणकोच्या हाती काहीच नसायचं. खत राहायचं सावकाराच्या पेटीत.

मग आमचं खत आमच्या घरी कसं?

कर्ज फिटलं की सावकार खत फाडून परत द्यायचा, किंवा मागे भरपाई लिहायचा. आमचा कागद कुठंही फाटलेला नाही. मागची बाजू कोरी. आणि आमच्या गावाहून सुपं पायी दीड तासावर.

वडिलांना फोनवर सांितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फेडलंच असेल रे. आणलं असतं, तर जाळलं नसतं का?"

सुट्टीत ट्रंकेतून परत नेतोय.