आयडलिंगला चालतं, पण रेस घेत नाही

आजचा एपिसोड एका जुन्या तक्रारीच्या इतिहासावर. कार्ब्युरेटरवाली पेट्रोल गाडी आहे. सुरू होते, उभ्या उभ्या मस्त आयडलिंग करते. ॲक्सिलरेटर दाबला की मात्र घुसमटते. आता इंजिन चालू आहे म्हणजे पेट्रोल, हवा आणि ठिणगी तिन्ही मिळतायत. मग रेस का घेत नाही?

उत्तरासाठी शंभरावर वर्षं मागे जाऊ. १८८६ मध्ये कार्ल बेंझनं आपल्या तीनचाकी गाडीचं पेटंट घेतलं. तिच्या कार्ब्युरेटरात इंधनाची वाफ हवेत मिसळायची, बस्स. १८९३ मध्ये विल्हेल्म मायबाखनं जेट आणलं, म्हणजे बारीक भोक. शेजारून हवा जोरात गेली की तिच्या ओढीनं त्यातून पेट्रोलचा फवारा उडतो. आयडिया भारी होती, पण एकाच जेटवर सगळं भागेना. वेग वाढला की पेट्रोल प्रमाणाबाहेर यायचं, आणि आयडलिंगला हवा इतकी कमी की पेट्रोल वर चढायचंच नाही.

१९०६ च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्रांस्वा बाव्हरेनं झेनिथ कार्ब्युरेटरात मेन जेटच्या जोडीला दुसरं जेट दिलं. पहिलं जास्त द्यायला लागलं की दुसरं प्रमाण सावरायचं. आयडलिंगसाठीही वेगळी वाट आली. थ्रॉटलची पाकळी जवळजवळ बंद असताना तिच्यामागे, इंजिनच्या बाजूला, जबरदस्त ओढ असते. तिथेच एक छोटं भोक ठेवलं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला पॅच म्हणतो. जुनं ठेवायचं, नवं शेजारी जोडायचं. आणि आपल्या कोड्याचं उत्तर याच पॅचमध्ये आहे. आयडलिंग आणि रेस यांच्या पेट्रोलच्या वाटा वेगळ्या आहेत. एक चालू, एक बंद, असं होऊ शकतं!

म्हणून निदान सोपं होतं. गाडी गरम असताना चोक अर्धा ओढा आणि रेस द्या. सुधारली? मग पेट्रोल कमी पडतंय. मेन जेटमध्ये कचरा, फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल कमी, फिल्टर किंवा पंप, या क्रमानं बघा. उलट जास्तच गुदमरली आणि काळा धूर आला? एअर फिल्टर बघा. काहीच फरक नाही? मग ठिणगीकडे वळा. वेग वाढला की ठिणगी आधी पडावी लागते. ते काम डिस्ट्रिब्युटरमधली छोटी वजनं करतात. ती गंजून अडकली की आयडलिंग ठीक राहतं, रेस मात्र मरते. शेवटी सायलेन्सर चोंदलाय का, तेही तपासा.

हे आज कशाला? मागच्या वर्षी आमच्या काकांची प्रीमियर पद्मिनी अशीच अडली. एका गॅरेजमध्ये सांगितलं, "इंजिनचं काम निघालंय, खोलावं लागेल." खर्च ऐकून काका गाडी भंगारात काढायला निघाले. मग गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी चोक ओढून पाहिला, मेन जेट काढलं, हवा मारली आणि परत बसवलं. अर्ध्या तासात गाडी रेस घ्यायला लागली.

ही पद्मिनी आपल्या कुर्ल्यात बनायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स लागू झालं आणि नव्या बाइकमधूनही कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. आता सेन्सर बोलतो, आपण स्कॅनर लावतो. मेस्त्री चोक ओढून, कान देऊन जे ओळखतात ते कुठल्या डेटाबेसमध्ये नाही. ते गेले की चांगली इंजिनंसुद्धा फुकट भंगारात जातील.

तुमच्या गल्लीत असे कोणी मेस्त्री असतील तर त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटूच!