डीएनएचे स्फटिक : रेणूंची स्वयंजुळणी

आनुवंशिक माहिती वाहून नेणारा रेणू, एवढीच डीएनएची ओळख सर्वसामान्यांना असते. मात्र, हाच रेणू बांधकामाचे साहित्य म्हणूनही वापरता येतो, हे अमेरिकी स्फटिकशास्त्रज्ञ नेड सीमन (१९४५-२०२१) यांनी दाखवून दिले.

प्रथिनाची रचना क्ष-किरणांच्या साह्याने पाहायची, तर आधी त्याचा स्फटिक हवा. पण अनेक प्रथिने स्फटिकरूप घेतच नाहीत. या अडचणीने सीमन त्रस्त होते. १९८० मध्ये त्यांना डच चित्रकार एम. सी. एशर यांचे 'डेप्थ' हे ओळीने पोहणाऱ्या माशांचे चित्र आठवले. प्रत्येक माशाच्या जागी सहा फाट्यांचा डीएनए रेणू कल्पिला, तर त्यांची जाळी तयार होईल आणि तिच्या पोकळ्यांत प्रथिने शिस्तीने बसवता येतील, असे त्यांना सुचले. १९८२ मध्ये ही कल्पना शोधनिबंधरूपाने प्रसिद्ध झाली.

डीएनएमध्ये अॅडेनिनची जोडी थायमिनशी, तर ग्वानिनची सायटोसिनशी जमते. त्यामुळे धाग्यांवरील क्रम ठरवून दिला, की कोणता धागा कोठे जोडला जाईल हेही ठरते. धाग्यांच्या टोकांना काही अक्षरे एकेरी ठेवली, की ती 'चिकट टोके' पूरक टोकाला जाऊन मिळतात. क्षारयुक्त द्रावण तापवून सावकाश थंड केले, की जुळणी आपोआप होते.

खरी अडचण होती लवचिकतेची. फाट्यांचे सांधे हलत राहिल्याने जाळी नियमित होत नसे. १९९१ मध्ये सीमन यांच्या प्रयोगशाळेत डीएनएचा घन तयार झाला, तरी स्फटिक दूरच होता. दोन दुहेरी सर्पिले दोन ठिकाणी एकमेकांत गुंफून ताठ घटक बनवल्यावर १९९८ मध्ये एरिक विन्फ्री यांच्यासह सपाट, द्विमितीय स्फटिक साधला. पुढे ताठ त्रिकोणी घटक आणि अवघ्या दोन अक्षरांची चिकट टोके वापरून २००९ मध्ये त्रिमितीय स्फटिक सिद्ध झाला. मूळ कल्पनेला तोवर २९ वर्षे झाली होती.

याच काळात शाखा विस्तारल्या. २००८ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी डीएनएच्या साह्याने सोन्याच्या नॅनोकणांचे स्फटिक रचले. २००९ मध्ये बंगळुरूत यमुना कृष्णन यांच्या गटाने डीएनएची वीस पृष्ठांची पोकळ कुपी बनवली.

हव्या त्या प्रथिनाला जाळीत बसवणे मात्र सीमन यांच्या हयातीत नित्याची पद्धत होऊ शकले नाही. दरम्यान, अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्फटिकाविनाच अनेक प्रथिनांची रचना उलगडली. ज्या गरजेतून हे शास्त्र जन्मले, तिची धार त्यामुळे बोथट झाली. रेणूंना जागा नेमून देण्याची विद्या मात्र टिकून राहिली.