तलाव कोणाचा? चवदार तळे ते मासुंदा

नौपाड्यात पर्यावरणावर कार्यक्रम झाला की सुरुवात ठरलेली असते. ठाणे हे तलावांचे शहर, आपल्या पूर्वजांनी पाणी जपले, आपण मात्र त्याची वाट लावली. हे ऐकताना आमच्या मनात प्रश्न येतो, कुठले पूर्वज? आणि कोणासाठी जपले?

हवामान बदलावर उपाय म्हणून आता जुने तलाव, आड, बारव यांचे गोडवे गायले जातात. हे बांधकाम उपयोगाचे होते, यात शंका नाही. पण आमच्या पणजीला विहिरीला हात लावता येत नव्हता. लांब उभे राहायचे आणि कोणी वरून पाणी ओतेल याची वाट बघायची. परंपरेचा अभिमान सांगणाऱ्यांना हा तपशील नको असतो.

महाडचा इतिहास आपण पाण्याच्या स्पर्शापुरता सांगतो. त्यातला मालकीचा भाग फार कमी लोकांना माहीत असतो. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले, पण ते फक्त कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो लोक ते पाणी प्यायले, तेव्हा ठराव जमिनीवर आला. लगेच गोमूत्राने तळ्याचे शुद्धीकरण झाले आणि नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. डिसेंबरमध्ये सवर्ण कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे काय, तर तळे खासगी आहे! म्हणजे कालपर्यंत गावाचे असलेले पाणी आमचा हात लागताच त्यांच्या घरचे झाले. हा दावा हायकोर्टात निकाली निघायला १७ मार्च १९३७ उजाडले.

त्याच बाबासाहेबांनी पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना देशाच्या जलधोरणाचा पाया घातला. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकला ओरिसाच्या पुरांवर बोलताना त्यांनी जुन्या समित्यांची विचारसरणीच चुकीची ठरवली. त्या समित्यांना पुराचे पाणी म्हणजे समुद्रात घालवायची पीडा वाटत होती. बाबासाहेबांचे म्हणणे उलटे होते. पाणी ही संपत्ती आहे, माणसाला जास्त त्रास पाण्याच्या अभावाचा होतो, म्हणून ते साठवा.

आता ठाण्याकडे बघा. जुलैत स्टेशनभोवती गुडघाभर पाणी, आणि मे महिन्यात पाणीकपात. कारण आपण अजून त्या जुन्या समित्यांसारखेच वागतो. नाला सिमेंटचा करायचा, पाणी लवकरात लवकर खाडीत ढकलायचे. शहरात एकेकाळी साठेक तलाव होते असे सांगतात, आज पस्तीसच्या आसपास उरले. मासुंदा वाचला, कारण तो शहराच्या मधोमध आहे, त्याच्या काठी लोक फिरायला येतात. वस्तीच्या मागचे डबके मात्र भराव टाकून बुजवले की कोणी हळहळत नाही. पण मुसळधार पाऊस थोपवतो तो असाच खोलगट भाग, आणि भरती अडवते ती खाडीकाठची खारफुटी. २००५ च्या २६ जुलैला ते बुजवण्याची किंमत कोणी मोजली? नाल्याकाठी राहणाऱ्यांनी. नंतर तोच गाळ हाताने काढायलाही आपलीच माणसे उतरली.

शहापूरचे तर विचारूच नका. तानसा, वैतरणा, भातसा ही धरणे त्या तालुक्यात. मुंबई-ठाणे त्यांच्यावर जगते, आणि उन्हाळ्यात तिथल्याच आदिवासी पाड्यांवर टँकर जातो.

कार्यकर्त्यांनो, सुशोभीकरणाच्या दिव्यांनी आणि कारंज्यांनी हुरळून जाऊ नका. कारंज्याने पाणी मुरत नाही. नौपाड्यातल्या जुन्या चाळी, बंगले पाडून टॉवर उभे राहत आहेत. त्यांच्या आवारातल्या विहिरींचे काय झाले? छतावरचे पावसाचे पाणी जमिनीत सोडायची सोय फक्त नकाशात आहे, की खरोखर केली आहे? प्रत्येक तलावाच्या जमिनीच्या उताऱ्यावर आज कोणाचे नाव आहे? नौपाडा-कोपरी प्रभाग समितीकडे हे तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारायचे आम्ही ठरवले आहे. अर्ज लिहून तयार आहे, सही करायला बुद्धविहारात या.