आधी शरण, मग अक्षर

माझी आजी वंदना म्हणताना एक शब्द कायम चुकायची. 'समादियामि'ऐवजी ती 'समाधीयामी' म्हणायची. पंचशीलाच्या पाचही ओळी तिला पाठ होत्या आणि पाचही ओळींच्या शेवटी ती न चुकता तीच चूक करायची. मी तेव्हा आठवीत होतो. वंदनेची छापील पुस्तिका घडाघडा वाचता येते याचा मला गर्व होता. एका पौर्णिमेला वस्तीतल्या बायांसमोर मी तिला टोकले. ती हसली आणि म्हणाली, "चुकते तर चुकू दे, बाबू. शिकूनच राहिली ना मी अजून."

हे वाक्य मला पुढे तीस वर्षे कळले नाही. नोकरी सांभाळून, ग्रंथालयांत बसून, कोश चाळत मी पाली शिकलो. मला गुरू नव्हता, पदवीही नाही. त्या अभ्यासात एक आक्षेप वारंवार वाचनात आला आणि तो आजीच्या बाबतीत खरा असावा, असे मला स्वतःलाच वाटत राहिले. आक्षेप असा, की १९५६ साली लाखो लोकांनी बौद्ध धम्म घेतला, पण तो समजून घेतला नाही. शिकण्याआधीच दीक्षा झाली. हा लेख त्या 'आधी'विषयी आहे.

मराठी माणसाने बौद्ध धम्माकडे टाकलेल्या पहिल्या पावलांचा विचार करताना धर्मानंद कोसंबी यांचे नाव आधी येते. जन्म ९ ऑक्टोबर १८७६, गोव्यातील साखवाळ. बुद्धाचे चरित्र वाचून त्यांना या मार्गाची ओढ लागली. १८९९ च्या अखेरीस पत्नी आणि तान्ही मुलगी घरी ठेवून ते बाहेर पडले. पुण्यात येऊन त्यांनी संस्कृतचा अभ्यास धरला, मग ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून दिवस काढले. नेपाळात जिवंत बौद्ध परंपरा भेटेल म्हणून तिकडे गेले आणि निराश होऊन परतले. बोधगया, कलकत्ता असे करीत १९०२ साली श्रीलंकेत पोहोचले. तिथे कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली पालीचा खरा अभ्यास सुरू झाला आणि श्रामणेराची दीक्षा मिळाली. हा सगळा प्रवास त्यांच्या 'निवेदन' या आत्मचरित्रात आहे.

यातला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी पुस्तक, मग भाषा, मग गुरू आणि सर्वांत शेवटी शरण. ज्या देशात बुद्ध हिंडला, त्या देशातल्या तरुणाला पाली शिकवणारा गुरू शोधायला समुद्र ओलांडावा लागला. कोसंबींनी परतल्यावर ही उणीव भरून काढण्यात आयुष्य घालवले. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली, मराठीत ग्रंथ लिहिले. पण त्यांच्या मार्गाची किंमत उघड होती: घर सोडता आले पाहिजे, आणि त्याआधी अक्षर हाताशी असले पाहिजे.

बाबासाहेब आंबेडकरांचे पहिले पाऊलही पुस्तकाचेच. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा कौतुकाच्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते पुस्तक १८९८ साली निघालेले होते. त्या भेटीपासून नागपूरच्या दीक्षेपर्यंत ४९ वर्षे जातात. मध्ये १९३५ ची येवल्याची घोषणा आहे. त्या घोषणेनंतरसुद्धा त्यांनी २१ वर्षे वाचन केले, इतर धर्म तपासले, पालीचे व्याकरण आणि कोश यांवर काम केले. म्हणजे त्यांचाही क्रम कोसंबींचाच: अक्षर आधी, शरण नंतर.

मग त्यांनी आपल्या लोकांसाठी हा क्रम का उलटवला?

१४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. नागपुरात कुशीनगरचे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेब आणि माईसाहेब यांनी त्रिशरण आणि पंचशील घेतले. त्यानंतर बाबासाहेबांनी स्वतः समोरच्या जनसमुदायाला दीक्षा दिली. भिक्खू नसलेल्या गृहस्थाने दीक्षा द्यावी, हे नवे होते. समोर किती लोक होते याचे आकडे वेगवेगळे दिले जातात. पाच लाख हा त्यांतला नेहमी सांगितला जाणारा. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या पायरीवर चढू दिले नव्हते, त्यांच्यात ती किती असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा. या लोकांना 'आधी वाचा, मग या' असे सांगणे म्हणजे 'येऊ नका' असे सांगणेच होते.

पण त्या दिवशी फक्त पाली शब्द दिले गेले, असे नव्हे. त्याच मैदानावर बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या, त्या मराठीत. देवदेवतांना नकार देणाऱ्या प्रतिज्ञांची चर्चा नेहमी होते, त्यामुळे पुढच्या प्रतिज्ञांकडे दुर्लक्ष होते. तेराव्यापासून सतराव्यापर्यंतच्या प्रतिज्ञा शेजारी ठेवून पाहा. प्राणिमात्रांवर दया, चोरी न करणे, खोटे न बोलणे, व्यभिचार न करणे, दारू न पिणे. क्रम थोडा वेगळा असला तरी हे पंचशीलच आहे, आजीला कळेल अशा भाषेत. म्हणजे ओठांवर पाली आणि कानांवर मराठी, असे दोन्ही एकाच दिवशी दिले होते. 'न समजता घेतले' म्हणणाऱ्यांनी ही जोडणी पाहिलेली नसते.

त्यानंतर ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, शिक्षक गेला. दुसऱ्या दिवशी मुंबईत अंत्यसंस्काराच्या वेळी भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या प्रचंड समुदायाला दीक्षा दिली. पण वर्ग भरताच शिक्षक गेल्यासारखी ही स्थिती होती. नवदीक्षितांसाठी लिहिलेला 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ १९५७ साली आला, तोही इंग्रजीत. मराठी अनुवादाला पुढे आणखी वर्षे लागली. गावोगावी भिक्खू नव्हते, विहार नव्हते. तरीही १९५१ साली देशात जेमतेम १ लाख ८१ हजार असलेली बौद्धांची नोंद १९६१ साली ३२ लाख ५० हजारांवर गेली. त्यांतले सुमारे २७ लाख ९० हजार एकट्या महाराष्ट्रातले होते.

एवढे लोक शिकले कसे? ऐकून. ज्याला वाचता येई, तो वंदना वाचे. बाकीचे मागून म्हणत. वामनदादा कर्डकांसारख्या गायकांनी धम्म गाण्यांतून पोहोचवला. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथाचे वाचन सुरू झाले. गावाने चातुर्मासात पोथी लावायची रीत आधीपासून होती. तिचीच बैठक राहिली, ग्रंथ बदलला. सगळे सुरळीत झाले असेही नाही. कित्येक घरांत जुने देव मागच्या खोलीत राहिले, उपास चालू राहिले, पोटजातीच्या भिंती सोयरिकीत टिकल्या. आमच्याही घरी मरीआईची परडी बरीच वर्षे माळ्यावर होती. आजीने ती एकदम टाकली नाही. आधी तिची पूजा थांबली, मग तिच्यात कांदे ठेवले जाऊ लागले.

कांद्यांची ती परडी आठवते तेव्हा मला पंचशीलाचे शब्द वेगळे दिसतात. प्रत्येक शीलाच्या शेवटी तीन शब्द येतात. 'वेरमणी' म्हणजे परावृत्त होणे. 'सिक्खापद' म्हणजे शिक्षापद, शिकण्याचा नियम. यातल्या 'पद' या शब्दाचा एक अर्थ पाऊल असाही आहे. आणि 'समादियामि' म्हणजे मी स्वतःहून स्वीकारते. यात कुणाची आज्ञा नाही. मी पूर्ण झाले, असा दावाही नाही. हा धडा मी हाती घेते, एवढेच म्हटले आहे. रोज म्हणायचे, कारण तो रोज पुन्हा हाती घ्यायचा असतो. श्रीलंकेतला विद्वान भिक्खूसुद्धा 'शिकून झाले' असे म्हणत नाही.

तेव्हा शरण आधी आणि शिकणे नंतर, यात धम्माला विसंगत काही नव्हते. शीलाची शब्दरचनाच नवख्याला धरून केलेली आहे. कोसंबी अक्षरातून शरणापर्यंत गेले; आजी शरणातून अक्षराकडे निघाली. ती स्वतः अक्षरापर्यंत पोहोचली नाही, पण तिने तिन्ही मुलांना शाळेत घातले आणि त्यांतल्या एकाच्या मुलाला पालीचा कोश उघडता आला. आठवीतल्या मला शब्द बरोबर येत होता. अर्थ तिला येत होता. 'शिकूनच राहिली ना मी' हे 'सिक्खापद' आणि 'समादियामि' यांचे वऱ्हाडी भाषांतर आहे, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली, आणि तोवर ते तिला सांगायची सोय उरली नव्हती.

यंदाच्या वर्षावासात आमच्या विहारात वाचन माझ्याकडे होते. पुढच्या रांगेत एक सातवीतली मुलगी वही घेऊन बसायची. वंदनेत शेवटच्या शब्दाला ती अडखळली. तिची आई तिला दुरुस्त करायला वळली. मी हातानेच 'राहू दे' अशी खूण केली आणि पुढची ओळ सुरू केली.