शंभरपट, साठपट, तीसपट

माणसांची प्रतवारी लावायची झाली की शरीरापासून सुरुवात होते. कोणाचे शरीर शुद्ध, कोणाचे कमी शुद्ध, हे एकदा ठरले की वरचे कोण आणि खालचे कोण हे सांगायला फारसा युक्तिवाद लागत नाही. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोममधील ख्रिस्ती लोकांत कौमार्य आणि विवाह यांवरून जो वाद पेटला, त्याकडे इतिहासाचा शिक्षक म्हणून मी याच दृष्टीने पाहतो.

वादाची सुरुवात येशूच्या आईपासून झाली. इ. स. ३८३ च्या सुमारास हेल्व्हिडियस नावाच्या माणसाने लिहिले की, येशूच्या जन्मानंतर मरिया आणि योसेफ यांनी चारचौघांसारखा संसार केला व त्यांना आणखी मुले झाली. त्याचा आधार शुभवर्तमानांचाच होता. त्यांत येशूच्या चार भावांची नावे आहेत, बहिणींचा उल्लेख आहे. विद्वान जेरोमने त्याच वर्षी उत्तर दिले : हे भाऊ सख्खे नव्हेत, मावसभाऊ होत. पूर्वेकडील परंपरा त्यांना योसेफाच्या पहिल्या बायकोची मुले मानत होती. प्रश्न वरवर एका कुटुंबाचा दिसतो. पण मरियेने संसार केला असेल तर संसारी बाई कुमारिकेहून कमी कशी, हा त्यामागचा खरा प्रश्न होता.

हा प्रश्न उघडपणे विचारला जोव्हिनियनने. तो स्वतः संन्यासी होता. त्याचे म्हणणे असे की, बाप्तिस्मा घेतलेली कुमारिका, विधवा आणि विवाहित स्त्री यांचे इतर आचरण सारखे असेल तर त्यांची योग्यताही सारखीच. आणि बाप्तिस्म्याशी इमान राखणाऱ्या सर्वांना स्वर्गात एकच फळ मिळेल. ऑगस्टिन सांगतो की त्याच्या शिकवणुकीने रोममधील काही व्रतस्थ कुमारिकांनी लग्ने केली. पोप सिरिसियसने रोममध्ये आणि बिशप ॲम्ब्रोजने मिलानमध्ये त्याला धिक्कारले. ३९३ मध्ये जेरोमने त्याच्याविरुद्ध दोन भागांचा ग्रंथ लिहिला. पेरणाऱ्याच्या दाखल्यात बियाणे शंभरपट, साठपट, तीसपट पीक देते. जेरोमने त्याचा अर्थ लावला : शंभरपट कुमारिकेचे, साठपट विधवेचे, तीसपट संसारी बाईचे. शेतातल्या दाण्यांची अशी उतरंड झाली. विवाहावर त्याने इतकी आग पाखडली की त्याच्या मित्रांनाच ओशाळवाणे झाले आणि त्यांनी प्रती परत गोळा करण्याची खटपट केली. पुढे ऑगस्टिनने विवाह चांगला असल्याचे मान्य केले, पण कौमार्याची वरची पायरी कायम ठेवली.

जोव्हिनियनचे लेखन आज उपलब्ध नाही. त्याचे विचार मुख्यतः त्याच्या विरोधकांच्या ग्रंथांतून वेचावे लागतात. चार्वाकांची गत ज्याला ठाऊक आहे त्याला याचे नवल वाटणार नाही.

तरीही जेरोमला खलनायक ठरवून मोकळे होता येणार नाही. रोमन मुलीचे लग्न कोवळ्या वयात होई आणि ते घरातली वडील माणसे ठरवत. व्रत घेतले की दुसरे लग्न, बाळंतपण, नवऱ्याचा हुकूम यांतून सुटका मिळे. मार्सेला, पाउला अशा श्रीमंत विधवांनी या मोकळिकीत धर्मग्रंथांचा अभ्यास केला. पाउला हिब्रू शिकली. माझ्या घराण्यात अक्षर ओळखणारी पहिली पिढी माझी आहे. बाईला पुस्तक मिळणे म्हणजे काय, हे मी हलके मानणार नाही. पण याच पाउलेची मुलगी ब्लेसिला वैधव्यानंतर कठोर उपास करू लागली आणि ३८४ मध्ये ऐन विशीत मेली. त्या मोकळिकीची ही दुसरी बाजू आहे.

आणि ही मोकळीक कोणासाठी होती? रोमन कायद्यात गुलामांच्या विवाहाला मान्यताच नव्हती. मालकाला नाही म्हणण्याचा अधिकार दासीला नव्हता. जिच्या शरीरावर तिचीच सत्ता नाही, तिला शंभरपट पीक कोठून मिळणार? पाउलेने बेथलेहेमला स्त्रियांचा मठ काढला. तिच्या मृत्यूनंतर जेरोमने कौतुकाने लिहून ठेवले आहे की, तेथे उच्च, मध्यम आणि खालच्या कुळांतील स्त्रियांचे तीन वेगळे गट होते. काम वेगळे, जेवण वेगळे. प्रार्थनेपुरत्या मात्र साऱ्या एकत्र. संसार सोडून आलेल्या या बायकांच्या पंक्ती काही सुटल्या नाहीत.

पुढे ही उतरंड कायद्यात उतरली. १०८९ च्या मेल्फी येथील परिषदेने बायको न सोडणाऱ्या धर्माधिकाऱ्यांच्या बायकांना गुलाम करण्याची मुभा सरदारांना दिली. व्रत पुरुषाचे आणि शिक्षा बाईला. ११३९ मध्ये दुसऱ्या लॅटरन परिषदेने पाद्र्यांचे विवाह रद्दबातल ठरवले. १५२५ मध्ये मार्टिन लूथरने मठ सोडून आलेल्या कॅथरिना फॉन बोरा हिच्याशी लग्न केले. मरियेचे नित्य कौमार्य मात्र लूथरनेही मानले. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये विवाहाला कौमार्याहून वरचढ किंवा त्याच्या बरोबरीचे मानणाऱ्यांना बहिष्कृत ठरवले. वसईचे फादर अविवाहित असतात आणि नगरकडचे पाळक संसारी, या भेदामागे हा सारा इतिहास आहे.

जन्माने लादलेली जात आणि स्वतः घेतलेले व्रत या दोन गोष्टी एक नाहीत, हे मी जाणतो. व्रत सोडता येते, जात सोडू देत नाहीत. पण पावित्र्याची पायरी एकदा मान्य केली की तिचे ओझे शेवटी कोणाच्या डोक्यावर येते, हे दासीच्या आणि पाद्र्याच्या बायकोच्या वाट्यावरून कळते. जोव्हिनियनची समता बाप्तिस्मा घेतलेल्यांपुरतीच होती. गुलामगिरीबद्दल तो काही बोलल्याचे त्याच्या उरलेल्या विचारांत दिसत नाही. तरी पायरीच नको, असे म्हणणारा तो होता. धर्म कोणताही असो, त्यातल्या अशा माणसांचा शोध आपल्या विद्यार्थ्यांनी घेतला पाहिजे. आणि त्यांच्याही नजरेतून जी सुटली, त्या दासीपासून पुढचा इतिहास लिहायला घेतला पाहिजे.