योगमठाचें लहान दार

श्रीपूर हें सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यांतील साखर-कारखान्याचें गांव. 1934 सालीं चंद्रशेखर आगाशे यांनीं बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी स्थापिली आणि तिच्या कारखान्यामुळें या गांवाचें नांव सर्वतोमुखीं झालें. गळिताचा हंगाम सुरू झाला कीं अशा गांवीं दिवस आणि रात्र पाळ्यांनीं मोजतात. तेथील एखाद्या कामगारास, अथवा हिशेबाच्या वह्यांवर वांकून पाठ धरलेल्या कारकुनास, योगाभ्यास करावासा वाटला तर त्यानें कोणाच्या दारीं जावें? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्यामागें मोठा इतिहास आहे, आणि तो पुष्कळसा दारांचाच आहे.

हठप्रदीपिकेंत योग्याच्या मठाचें वर्णन आलें आहे. मठ एकांतांत असावा, त्याला झरोके नसावेत व दार लहान असावें, असें ग्रंथकार सांगतो. ही विद्या गुप्त ठेवावी, उघड केली असतां ती निर्वीर्य होते, असाही त्याचा इशारा आहे. चित्त बाहेर धांवूं नये म्हणून दार लहान, हें समजण्यासारखें आहे. पण तरुण, वृद्ध, रोगी, दुर्बळ, कोणीही आळस टाकून अभ्यास केला तर त्यास सिद्धि मिळते, असें आश्वासनही त्याच ग्रंथांत आहे. आश्वासन सर्वांस, आणि दार मात्र लहान! हा विरोध दीर्घकाळ तसाच राहिला. संसारी माणसाला मठाची पायरी दूरच होती.

ती पायरी विसाव्या शतकांत महाराष्ट्रांत खालीं आली. 1918 सालीं श्रीयोगेंद्रांनीं मुंबईस वर्सोवा येथें आपली योगसंस्था काढली, ती गृहस्थांसाठीं. 1924 सालीं स्वामी कुवलयानंदांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें आणि त्याच वर्षीं 'योगमीमांसा' हें नियतकालिक सुरू केलें. स्वामींचें पूर्वीचें नांव जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यांत त्यांचें शरीर घडलें, आणि नर्मदातीरीं परमहंस माधवदासजींपाशीं त्यांस योगविद्या मिळाली. उड्डियान, नौली या क्रियांचा पोटांत काय परिणाम होतो, हें त्यांनीं क्ष-किरणांच्या साह्यानें तपासलें. जी विद्या कानांत सांगावयाची ती प्रयोगशाळेच्या उजेडांत आली, आणि तरीही ती निर्वीर्य झाली नाहीं.

पुढें 1937 सालीं डेक्कन जिमखान्याच्या निमंत्रणावरून पुण्यास सहा महिन्यांसाठीं एक शिक्षक आला. वय अवघें अठरा, बालपण आजारांनीं पोखरलेलें, आणि मराठीचा गंध नाहीं. हे बी. के. एस. अय्यंगार. सहा महिन्यांची ती मुदत वाढत गेली आणि 2014 सालीं देहावसान होईपर्यंत पुणें हेंच त्यांचें घर झालें. स्वतःचें दुबळें शरीर अभ्यासानें सांवरलेलें असल्यामुळें दुसऱ्याच्या दुबळेपणाची त्यांस जाण होती. ज्याचा हात भूमीस पोंचत नाहीं त्याच्या हाताखालीं वीट द्यावी, ज्याला तोल धरवत नाहीं त्यास भिंतीचा वा दोराचा आधार द्यावा, ही त्यांची रीत. हठप्रदीपिकेंतील वृद्धास व रुग्णास दिलेलें वचन प्रत्यक्षांत कसें पाळावें, तें या साध्या विटेनें दाखविलें. आमच्या मतें दार रुंद झालें तें येथें.

परंतु दार उघडलें म्हणजे सर्व झालें, असें नव्हे. पतंजलीनें अभ्यासाच्या दृढतेस तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत: दीर्घ काळ, खंड न पडणें आणि आदर. या तिन्ही कोणताही गुरु शिष्यास देऊं शकत नाहीं. पहिल्या आठवड्यांत पाठ दुखते, दुसऱ्या महिन्यांत कंटाळा येतो, आणि आंत घडणारा पालट तर आपला आपल्यालाच पुष्कळ उशिरां कळतो. पूर्वीं दार लहान होतें म्हणून माणसें बाहेर राहत. आतां तें मोठें असूनही चार दिवसांनीं परततात. पहिला दोष विद्येच्या रक्षकांचा होता, दुसरा आपला आहे.

आगाशे यांचें नांव आज पुण्यांत महाराष्ट्रीय मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयास आहे. श्रीपूरचा कारखाना उभारणाऱ्याचें नांव देह घडविणाऱ्या शाळेस मिळावें, हा योग बोलका आहे. मात्र श्रीपूरच्या कामगारानें त्यासाठीं पुण्यास जाण्याचें कारण नाहीं. एक जाणता, मायाळू शिक्षक आणि चटई पसरण्यापुरती स्वच्छ जागा मिळाली कीं त्याचा मठ झाला. हंगामांत पाळी बदलेल. तिच्याबरोबर अभ्यासाची वेळ बदलावी, अभ्यास मोडूं नये.